चाहत्यांचें मासिक आणि सविकल्प समाधि

एखाद्या ग्रंथावर किंवा नाटकावर लोकांचें प्रेम जडलें म्हणजे तें निरनिराळ्या वाटांनीं प्रकट होऊं लागतें. कोणी तो ग्रंथ पुनः पुनः वाचतो, कोणी त्यांतील उतारे पाठ म्हणून दाखवितो, कोणी आवडत्या नटाची तसबीर भिंतीवर लावतो. फारच थोडे लोक असे निघतात कीं, त्या कृतीविषयीं स्वतः कांहीं लिहिल्यावांचून त्यांना चैन पडत नाहीं. असे दहापांच लोक एकत्र जमले आणि त्यांनीं आपलें लेखन पदरमोड करून छापलें, म्हणजे जें निर्माण होतें त्याला इंग्रजींत 'फॅनझिन' असें नांव आहे. हा शब्द अमेरिकेंत १९४० सालीं घडविला गेला. मराठींत आपण त्यास 'चाहत्यांचें मासिक' म्हणूं. मग तें महिन्यानें निघो कीं वर्षानें. अशा एका मासिकाचा, आणि त्याच्या निमित्तानें आपल्या विज्ञानकथेच्या वाचकवर्गाचा, विचार करण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

विषय ऐकून कित्येक वाचक भुंवया चढवितील हें आम्ही जाणून आहों. दूरचित्रवाणीवरील एक मालिका, तींतही अंतराळांतल्या जहाजाची अद्भुतकथा, आणि त्या मालिकेला वाहिलेलें हौशी लोकांचें मासिक! यांत वाङ्मयविचाराला जागा ती कोठें? शंका रास्त आहे. परंतु तिचा निकाल नांवावरून लावतां येणार नाहीं. प्रथम वस्तु पाहिली पाहिजे.

'स्टार ट्रेक' ही मालिका अमेरिकेंतील एन्. बी. सी. या संस्थेनें ८ सप्टेंबर १९६६ पासून दाखविण्यास आरंभ केला. तिचे जनक जीन रॉडनबेरी. पुढील काळांत 'एंटरप्राइझ' नांवाचें जहाज ताऱ्यांमधून संचार करीत आहे आणि दर आठवड्यास एखाद्या अपरिचित लोकाशीं त्याची गांठ पडत आहे, असा तिचा सांगाडा होता. या जहाजावरील अधिकाऱ्यांत स्पॉक नांवाचें एक पात्र आहे. त्याचा बाप व्हल्कन या परग्रहावरचा, आई पृथ्वीवरची. व्हल्कन लोकांनीं भावनेला कुलूप घालून बुद्धीच्या हातीं घरच्या किल्ल्या दिलेल्या. स्पॉकच्या अंगांत मात्र दोन्हीं घराण्यांचें रक्त. लेनर्ड निमॉय या नटानें हें पात्र इतक्या संयमानें उभें केलें कीं, प्रेक्षकांचें लक्ष नायकावरून ढळून याच्यावर जाऊन बसलें. मालिकेला एक वर्ष होतें न होतें तोंच, सप्टेंबर १९६७ मध्यें, देव्रा लँगसॅम व शर्ना कॉमरफर्ड या दोघी स्त्रियांनीं 'स्पॉकनेलिया' या नांवाचा अंक काढला. केवळ 'स्टार ट्रेक'साठींच निघालेलें हें चाहत्यांचें पहिलें मासिक होय. १९७० पर्यंत त्याचे पांच अंक निघाले.

हें रोप उघड्या माळावर आपोआप उगवलें, अशी मात्र कोणीं समजूत करून घेऊं नये. ह्यूगो गर्न्सबॅक यांनीं १९२६ सालीं 'अमेझिंग स्टोरीज' हें विज्ञानकथांचें मासिक सुरू केलें व त्यांत वाचकांचीं पत्रें पत्त्यांसह छापण्याचा प्रघात पाडला. पत्ते मिळाले तसे वाचक एकमेकांना लिहूं लागले. पत्रांचीं मंडळें झालीं, आणि १९३० सालीं शिकागोंतील अशाच एका मंडळानें 'द कॉमेट' हें पत्र काढलें. तेव्हांपासून टंकयंत्रावर स्टेन्सिल कापावी, हातानें फिरविण्याच्या यंत्रावर तिच्या प्रती काढाव्या, त्या टांचाव्या आणि टपालानें धाडाव्या, हा क्रम तेथें रूढ झाला. दोन गोष्टी 'स्पॉकनेलिया'च्या वेळीं नव्या होत्या. पहिली ही कीं, मासिकाचा विषय छापील कथा नसून दूरचित्रवाणीवरचा खेळ होता. दुसरी अशी कीं, विज्ञानकथेच्या ज्या बैठकींत तोंवर पुरुषांचीच गर्दी असे, तेथें संपादक, लेखक व वाचक या तिन्हीं नात्यांनीं स्त्रिया मोठ्या संख्येनें येऊन बसल्या.

अंकांत काय असे? व्हल्कन मनुष्याच्या शरीररचनेचा व स्वभावाचा गंभीरपणें केलेला ऊहापोह, कविता, कथा आणि पत्रें. पहिल्याच अंकांत खुद्द निमॉय यांचें पत्र आहे. आतां, जो प्राणी अस्तित्वांतच नाहीं त्याच्या शरीराची चिकित्सा करणें हा पोरखेळ नव्हे काय? येथें क्षणभर आपल्याच घरांत डोकावून पाहणें बरें. मोरोपंतांनीं १०८ रामायणें रचलीं असें परंपरा सांगते. त्यांपैकीं निरोष्ठ रामायणांत ओंठांनीं उच्चारावयाचा एकही वर्ण येऊं द्यावयाचा नाहीं, असें बंधन त्यांनीं स्वतःवर घालून घेतलें. कथा नवी नाहीं, पात्रें नवीं नाहींत, शेवट तर पोरासोरांनाही ठाऊक. तरीही कवीला पुनः पुनः त्याच अंगणांत खेळावेंसें वाटतें, व रसिकाला तो खेळ पाहावासा वाटतो. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यांतील नमन-खेळे घ्या. गण होतो, गौळण होते, संकासुर येऊन हंशा पिकवितो, आणि मग वग उभा राहतो. वगांतला राजा पुराणांतून आलेला असला तरी त्याच्या तोंडचें भाषण गांवच्याच एखाद्या शेतकऱ्यानें रचलेलें असतें. मूळ कथेनें जो प्रसंग एका ओळींत उरकला तो येथें मध्यरात्र उलटेपर्यंत रंगतो. आवडत्या कथेच्या फटींत शिरून तिचा विस्तार करणें ही प्रवृत्ति आपल्याला परकी आहे, असें म्हणतांच येणार नाहीं.

तथापि साम्यापाशींच थांबणें हा टीकेचा आळस होईल. राम सर्वांचा आहे. त्याच्यावर कोणाचा मालकी हक्क नाहीं. स्पॉक हा एका कंपनीचा माल आहे. त्याच्यावर कथा लिहून चाहत्यांनीं पैसा कमवावा अशी सोय कायद्यांत नव्हती, आणि म्हणूनच हीं मासिकें कागदाचा व टपालाचा खर्च निघेल एवढ्याच बेतानें विकलीं जात. दुसरा भेद याहून महत्त्वाचा. मोरोपंतांच्या किंवा नमनकरांच्या मुळाशीं श्रद्धा आहे. राम होता, असा विश्वास आहे. स्पॉक नाहीं व कधींही नव्हता, हें त्या दोघी संपादिकांना पक्कें ठाऊक होतें. तें ठाऊक असूनही तो आहे असें धरून त्यांनीं त्याचा अभ्यास मांडला. या मनःस्थितीला नांव काय द्यावें?

तें नांव मराठी टीकाशास्त्रांत तयारच आहे. न. चिं. केळकर यांनीं १९२१ सालीं बडोद्याच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. वाचक काव्यांतील पात्राशीं एकरूप होतो, पण आपलें स्वतःचें भान सर्वस्वीं गमावीत नाहीं. आपण आपल्या जागीं राहून दुसऱ्याच्या अंतरांत शिरतों, आणि या दुहेरी वास्तव्यांतच वाङ्मयानंद आहे, असा त्या कल्पनेचा स्थूल आशय. केळकरांच्या या मतावर पुढें पुष्कळ वाद झाले. त्या वादांत शिरण्याचें येथें कारण नाहीं. आम्हांस एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, जी क्रिया एरव्हीं वाचकाच्या मनांत घडते आणि पुस्तक मिटतांच विरून जाते, ती चाहत्यांच्या मासिकांत कागदावर उमटलेली पाहावयास सांपडते. अशा मासिकाचें खरें मोल या उमटण्यांत आहे. त्याची परीक्षाही याच कसोटीनें करावी: समाधि किती गाढ आहे, आणि तिच्यांतला विकल्प जागा आहे कीं नाहीं.

या कसोटीला उत्तम उतरणारें एक उदाहरण पहिल्याच अंकांत आहे. डॉरथी जोन्स या लेखिकेनें व्हल्कन लोकांची भाषा कशी असेल याचा विचार करून कांहीं शब्द घडविले, आणि त्यांतल्या 'नी वार' या शब्दानें एक काव्यप्रकार कल्पिला. 'नी वार' म्हणजे दोन रूपें: एकाच वस्तूच्या दोन भिन्न अंगांचें शेजारीं शेजारीं ठेवून केलेलें दर्शन. अर्धा पृथ्वीचा व अर्धा परलोकाचा असा जो स्पॉक, त्याच्या जातीच्या काव्यास याहून समर्पक कल्पना सुचणें कठीण. मालिकेनें पात्र दिलें होतें. त्या पात्राच्या जातीला कविता असेल तर ती कोणत्या घाटाची असेल, हा प्रश्न मालिकेला पडला नव्हता, तो एका प्रेक्षक स्त्रीला पडला. पुढची हकीकत तर फारच बोलकी आहे. २००१ ते २००५ या काळांत याच कुळांतली जी दुसरी मालिका निघाली, तींत एका व्हल्कन जहाजाला हेंच नांव दिलेलें दिसतें. आणि २०२० सालीं, 'डिस्कव्हरी' नांवाच्या आणखी एका मालिकेंत, चिरकाल दुरावलेल्या दोन शाखा पुनः एकत्र नांदूं लागल्यावर व्हल्कन ग्रहाचेंच नांव बदलून 'नी वार' ठेवलें गेलें. हातानें फिरविलेल्या यंत्रावरून निघालेला एक शब्द ५३ वर्षांनीं मूळ कथेच्या भूगोलांत जाऊन बसला. चाहते केवळ घेतात, देत नाहींत, या आक्षेपाला याहून निराळें उत्तर नको.

याच्या उलट, विकल्प झोंपीं गेला म्हणजे काय होतें याचाही पुरावा याच मंडळींत मिळतो. चाहत्यांच्या मासिकांची संख्या जशी वाढली तशी त्यांत एका जातीच्या कथेची रेलचेल झाली. एक अल्पवयी तरुणी जहाजावर येते. ती रूपानें अद्वितीय, बुद्धीनें अद्वितीय, सर्व अधिकारी तिच्यावर लुब्ध, संकटकाळीं सर्वांचे प्राण तीच वांचविते, आणि अखेरीस सर्वांना रडवून मरण पावते. ही तरुणी म्हणजे कथालेखिकेनें आपल्या स्वप्नाला नेसविलेला भरजरी शालू, हें सांगावयास नकोच. येथें दुसऱ्याच्या अंतरांत शिरण्याऐवजीं दुसऱ्यालाच आपल्या अंतरांत कोंडून ठेवलेलें असतें. परंतु गंमत अशी कीं, या दोषावर कोरडा ओढला तो बाहेरच्या टीकाकारानें नव्हे. पॉला स्मिथ या चाहतीनें १९७३ सालीं 'मेनॅजरी' नांवाच्या अशाच एका मासिकांत या प्रकाराचें अगदीं त्रोटक विडंबन छापलें. त्यांतली नायिका लेफ्टनंट मेरी सू आरमारांतली सर्वांत लहान अधिकारी, वय अवघें साडेपंधरा! तें विडंबन इतकें वर्मीं लागलें कीं, 'मेरी सू' हें तेव्हांपासून इंग्रजी टीकेंत एका दोषाचें नांव होऊन बसलें. ज्या मंडळींतून आपल्याच दोषाला नांव देणारा टीकाकार निपजतो, ती मंडळी आंधळी भक्त आहे असें कसें म्हणावें? मराठींतही स्वप्नाळू नायिकानायकांच्या कादंबऱ्यांचा पूर येऊन गेला. त्यांच्या चाहत्यांतून अशी एखादी पॉला स्मिथ निघती तर पुष्कळ कागद वांचला असता.

'स्पॉकनेलिया'चे दोषही सांगितले पाहिजेत. एकाच पात्राभोंवतीं प्रदक्षिणा घातल्यामुळें कथेंतला प्रश्न मागें पडतो. परक्या लोकांशीं गांठ पडली असतां मनुष्यानें कसें वागावें, हा त्या मालिकेचा खरा विषय. स्पॉकचे कान व स्पॉकचें हृदय यांच्या चर्चेंत तो अनेकदां हरवतो. घरच्या मंडळींनाच कळतील असे विनोद, निकडीच्या भावनेला न पेलणारी भाषा, आणि चांगल्या लेखाशेजारीं सामान्य लेखाला स्नेहापोटीं दिलेली जागा, हीं या जातीचीं व्यंगें अशा मासिकांत हमखास येतात. परंतु हौशी मासिकाला सरसकट माफी देण्याचें कारण नाहीं, तसेंच धंदेवाईक मासिकाच्या तागडीनें त्यास तोलण्याचेंही नाहीं.

आतां ज्या मुद्द्याकडे यावयाचें तो आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा आहे. १९६७ सालच्या अखेरीस मालिका बंद पडणार अशी वार्ता पसरली. तेव्हां बिजो व जॉन ट्रिंबल या दांपत्यानें चाहत्यांना पत्रें लिहिण्याचें आवाहन केलें, आणि एन्. बी. सी.कडे एक लाखावर पत्रें येऊन पडलीं. १ मार्च १९६८ रोजीं, भाग संपतांच, मालिका चालू राहील अशी घोषणा संस्थेला करावी लागली. विजय मोठाच, पण फळ काय? तिसऱ्या वर्षाचे भाग अनेक रसिकांना पहिल्या दोन वर्षांहून उणे वाटले, आणि ३ जून १९६९ रोजीं ७९ व्या भागावर मालिका थांबली. 'चालूं द्या' असें लाख लोकांनीं म्हटलें कीं वस्तु चालू राहते; ती चांगली व्हावी यासाठीं मात्र 'अशी असूं द्या, अशी नको' असें कारणांसह सांगणारीं थोडीं माणसें लागतात. तीं माणसें मासिकांत होतीं. रॉडनबेरी यांनीं त्या सुमारास 'स्पॉकनेलिया'च्या संपादिकांना पत्रानें कळविलें होतें कीं, मालिकेच्या नव्या लेखकांनीं हें मासिक अवश्य वाचलें पाहिजे. तिसऱ्या वर्षीं खुद्द रॉडनबेरीच रोजच्या कारभारांतून बाजूस झाले. पत्रांच्या राशीपेक्षां त्या पातळ अंकांचें वजन ज्यांनीं ओळखिलें असतें, ते त्या वेळीं आसनावर नव्हते.

या सर्व गोष्टींचें आपल्याशीं काय नातें? मराठींत विज्ञानकथा काल आलेली नाहीं. १९०० सालीं 'केरळकोकिळ' मासिकानें ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीस मराठी वेष दिला. 'स्टार ट्रेक' सुरू झाली त्याच १९६६ सालीं मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. परिषदेच्या विज्ञानकथास्पर्धेला १९७४ सालीं नारायण विनायक जगताप या नांवानें 'कृष्णविवर' ही कथा आली आणि तिला पहिलें पारितोषिक मिळालें. लेखक होते डॉ. जयंत विष्णु नारळीकर, नांवाचीं आद्याक्षरें त्यांनीं उलटीं करून घेतलीं होतीं. 'नवल', 'धनंजय' यांच्यासारख्या दिवाळी अंकांनीं या कथेला आसरा दिला. म्हणजे लेखक होते, संस्था होती, परीक्षक होते, संपादक होते. पण जो वाचक कथा वाचून परीक्षकाप्रमाणें गुण देत नाहीं व विद्यार्थ्याप्रमाणें विज्ञानाचा पाठही घेत नाहीं, जो 'त्या जगांत कविता कशी असेल?' असा आगाऊ प्रश्न विचारतो, त्या वाचकाला आपलें म्हणणें मांडावयास पान कोठलें? संपादकाच्या नांवें चार ओळींचें पत्र, एवढेंच. आपली विज्ञानकथा पुष्कळदां समजावून सांगण्याच्या सुरांतच अडकून पडली, पात्रांपेक्षां उपकरणेंच तिच्यांत अधिक जिवंत राहिलीं, याचें एक कारण आम्हांस येथें दिसतें. तिच्याकडे हट्ट धरणारें कोणी नव्हतें.

सामग्रीची उणीव होती असेंही नाहीं. हस्तलिखित मासिकें काढण्याची हौस आपल्या शाळांत व वाड्यांत जुनी आहे. १९५० नंतरच्या दशकांत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर प्रभृति तरुणांनीं 'शब्द' हें चक्रमुद्रित पत्र काढलें; पुढें तशा अनियतकालिकांची एक चळवळच झाली. स्टेन्सिल तीच, शाई तीच, पदरमोडही तीच. फक्त आपल्याकडे तें साधन कवींच्या बंडाला लागलें, तिकडे प्रेक्षकांच्या प्रेमालाही लागलें. प्रेमाचाही तुटवडा नव्हता. १९८० नंतरच्या दशकांत दूरदर्शननें 'स्टार ट्रेक' दाखविली, त्याच दशकाच्या अखेरीस 'स्पेस सिटी सिग्मा' आली, १९९८ मध्यें 'कॅप्टन व्योम' आली. ज्या घरीं संच असे त्या घरच्या ओटीवर अर्धी वाडी लोटावी, आणि दुसऱ्या दिवशीं शाळेच्या वाटेवर कालच्या भागाचा पुढचा भाग पोरांनींच रचावा, हें दृश्य कोंकणांत दुर्मिळ नव्हतें. ते सगळे रचलेले भाग हवेंत विरून गेले. कोणीं वहींत उतरून ठेवले असते तर त्यांतले नव्वद टक्के टाकाऊ निघाले असते, हें आम्हांस मान्य आहे. उरलेल्या दहांत एखादी 'नी वार' नसतीच, असें छातीठोकपणें कोणीं सांगावें?

हातखंबा हें तिठ्यावरचें गांव. मुंबईहून गोव्याकडे जाणारा महामार्ग येथें रत्नागिरीच्या व कोल्हापुरच्या वाटेला भेटतो. शहरांतून निघालेली प्रत्येक नवी वस्तु आज ना उद्यां या तिठ्यावरून जातेच. तेव्हां अमेरिकेंतलें मासिक आणि आमच्या वाडींतलें नमन यांचा एकत्र विचार करणें येथें बसून विचित्र वाटत नाहीं. नमनाचे वग पिढ्यान् पिढ्या तोंडीं चालत आले. जे मुखांत राहिले ते टिकले, बाकीचे रचणाराबरोबरच गेले. तिकडे आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयानें चाहत्यांच्या मासिकांचा मोठा संग्रह जपून ठेवला आहे, म्हणून आज त्यांचा गुणदोषविचार करतां येतो. आपल्याकडे रत्नागिरीचें नगर वाचनालय १८२८ सालचें आहे. अशा जुन्या वाचनालयांनीं एक कपाट शाळांच्या हस्तलिखितांसाठीं आणि नमनमंडळांच्या वह्यांसाठीं राखून ठेवलें, तर कसर व वाळवी यांच्या हातून पुष्कळ वांचेल. खर्च फारसा नाहीं. हौशी लेखन हें जपण्याजोगें आहे, ही भावना मात्र आधीं पाहिजे.

कुटुंबांतील वडील माणसांस शेवटीं एक सुचवावेंसें वाटतें. घरांतला मुलगा किंवा मुलगी एखाद्या मालिकेच्या नादीं लागली म्हणजे 'वेळ फुकट घालवूं नकोस' एवढें सांगून आपण मोकळे होतों. त्याऐवजीं, 'तुला त्यांत काय आवडलें, काय खटकलें, आणि तूं असतीस तर पुढें काय लिहिलें असतेंस, तें लिहून दाखव,' असें सांगून एक कोरी वही हातीं द्यावी. चार घरांतल्या अशा चार वह्या एकत्र टांचल्या कीं मासिक झालें. 'स्पॉकनेलिया' ही महान् वाङ्मयकृति नाहीं, व तशी तिची प्रतिज्ञाही नाहीं. पाहणारांनीं लिहूं लागावें, आणि लिहितांना आपल्या आवडीचीही झडती घ्यावी, एवढें तिनें करून दाखविलें. तिच्या पांच अंकांतून मराठी वाचकानें घ्यावयाचें तें इतकेंच, आणि तें थोडें नाहीं.